लगदा विकत घेतला म्हणून लायकी जात नाही

कागद कारखान्याच्या बल्लारपूरहून मामेभावाचा फोन आला की हल्ली गाडी कागदावरच येते. परवा म्हणाला, "ताई, एवढं जंगल आपल्या जिल्ह्यात, अन् कागदाचा लगदा बाहेरून आणायचा! श्रीमंत देश विकतात, आपण घेतो. आपली लायकीच ती."

त्या 'लायकी'वर माझं डोकं फिरलं. फोन ठेवला तरी राग उतरेना.

मी फिनलंडमधल्या लापेनरांतात राहते. साइमा सरोवराच्या काठावरची लगद्याची गिरणी आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर. हा देश लगदा विकतो, खरं आहे. पण जर्मनी आणि इटली काय गरीब आहेत? युरोपातले लगद्याचे मोठे गिऱ्हाईक तेच. इटलीतल्या लुक्काच्या आसपासचे टिश्यूचे कारखाने बाहेरच्या लगद्यावर चालतात. जगात सगळ्यात जास्त लगदा आयात करतो चीन, सगळ्यात जास्त विकतो ब्राझील. तिथली निलगिरी सहा-सात वर्षांत तोडणीला येते. इथल्या पाइनला ६० ते ८० वर्षं लागतात. म्हणून तर फिनलंडच्याच कंपनीने २००७ मध्ये उरुग्वेत फ्राय बेंतोसला गिरणी सुरू केली. आणि खुद्द आमच्याकडे रशियातून बर्चचे ओंडके भरभरून यायचे, ते २०२२ च्या युद्धानंतर थांबले. यातलं कोणीही लाजत नाही.

आपण आयात करतो त्यामागे तर चांगलं कारणही आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने सांगितलं, नैसर्गिक जंगल कारखान्यांना द्यायचं नाही, त्यांनी शेतकऱ्यांकडून झाडं लावून घ्यावीत. आज सुबाभूळ, निलगिरी, सुरूची झाडं शेतातून येतात. पुरत नाहीत, मग लगदा आणि रद्दी बाहेरून येते. ताडोब्याच्या शेजारी वाढलेल्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मला सलतं ते निराळंच. इथलं निम्म्याहून जास्त जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे. शेजारच्या आजींनी मागच्या हिवाळ्यात वडिलोपार्जित तुकड्याची विरळणी केली, पैसे थेट त्यांच्या खात्यात आले, त्यातून मोक्कीचं, म्हणजे सुट्टीतल्या छोट्या घराचं, छप्पर झालं. आपल्याकडे बांबू कारखान्याला जायचा आणि जंगलातल्या गावाने तोडला तर गुन्हा व्हायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडेपर्यंत २०११ उजाडलं. बांबू हे गवत की झाड, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडत राहिली! लगदा कुठून आला यापेक्षा झाडाचे पैसे कोणाला मिळाले, हे विचार ना बाबा.

हे सगळं मी त्याला तावातावाने ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, 'आमच्याकडे' म्हणजे कुठं गं?"

मी गप्प झाले. बोलता बोलता मी दोनदा 'आमच्याकडे' म्हटलं होतं, दोन्ही वेळा लापेनरांतासाठी. बल्लारपूरसाठी मी 'आपल्याकडे' म्हणते, पण तिथे गेल्याला चार वर्षं झाली. आणि इथे आजी मला विचारतात, "तुमच्याकडे जंगल कोणाचं असतं?" तेव्हा त्यांचं 'तुमच्याकडे' म्हणजे चंद्रपूर जिल्हा असतो.

वारा गिरणीकडून वाहतो त्या दिवशी गावभर गंधकाचा वास येतो. लोक खिडक्या लावून घेतात. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवते. वर्धेच्या काठच्या आमच्या घरात सकाळी शाळेला निघताना हाच वास यायचा. भावाला हे अजून सांगितलेलं नाही.