शाळेच्या निकालातले दोन आकडे

प्राथमिक शाळेच्या प्रमाणित चाचण्यांचा निकाल लागला की बहुतेक पालकांची नजर दोनच आकड्यांवर जाते: वाचनात किती टक्के मुले अपेक्षित पातळीला पोहोचली आणि गणितात किती टक्के. तेवढ्यावर शाळा नामांकित ठरते किंवा बदनाम होते. माझे स्पष्ट मत असे आहे की ही टक्केवारी शाळेतल्या अध्यापनापेक्षा तिथे कोणत्या घरांतली मुले येतात याविषयी अधिक सांगते, आणि शाळेची खरी पारख करायची असेल तर तीच मुले एका वर्षात किती पुढे सरकली हे पाहावे लागते.

टक्केवारीचा हिशेब मुळात एका रेषेवर उभा असतो. रेषेच्या एक गुण खाली असलेला मुलगा एक गुण वर गेला की शाळेचा निकाल सुधारतो. मात्र ज्या मुलीला वर्षाच्या सुरुवातीला अक्षरओळखही नव्हती आणि जी वर्षअखेरीस साधी वाक्ये वाचू लागली, तिची प्रगती या हिशेबात शून्य धरली जाते. अमेरिकेत 2002 साली लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनाची व गणिताची चाचणी बंधनकारक केली आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुले रेषेच्या वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. रेषा कुठे आखायची हे मात्र प्रत्येक राज्यावर सोपवले होते, त्यामुळे एका राज्यात उत्तीर्ण ठरणारे मूल तेवढ्याच तयारीवर शेजारच्या राज्यात मागे राहिलेले ठरू शकत होते. शाळांनीही व्यवहार पाहिला. शिकागोतील चाचण्यांविषयी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधल्या फळीतील मुलांचे गुण वाढलेले दिसले, तर सर्वांत तळाच्या मुलांना जवळजवळ काहीच लाभ झालेला नव्हता. शिक्षकांना यासाठी बोल लावणे मला योग्य वाटत नाही. ज्या मोजमापावर शाळेचे भवितव्य ठरते, त्याच मोजमापाकडे शाळेचे लक्ष राहणार हे उघड आहे.

लहान शाळांच्या बाबतीत तर हा आकडा निव्वळ योगायोगानेही हेलकावे खातो. चौथीच्या वर्गात चाळीस मुले असतील तर एक मूल म्हणजे अडीच टक्के. चार मुले शाळा बदलून गेली किंवा चाचणीच्या दिवशी तापाने फणफणत बसली, तर दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि लगेच कोणीतरी 'शाळेची घसरण' अशी चर्चा सुरू करते. शिवाय यंदाच्या चौथीची तुलना गेल्या वर्षीच्या चौथीशी केली जाते, म्हणजे मुले निराळी आणि निष्कर्ष एकच.

याउलट तीच मुले वर्षागणिक किती पुढे गेली हे पाहिले की चित्र बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतील सुमारे 11 हजार शाळा-जिल्ह्यांतील (म्हणजे एकाच स्थानिक व्यवस्थापनाखालच्या सरकारी शाळांच्या गटांतील) तिसरी ते आठवीचे निकाल तपासले, तेव्हा सरासरी गुणांचा कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट संबंध दिसला, पण प्रगतीच्या वेगाचा संबंध बराच सैल निघाला. शिकागोची मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती; तरी 2009 ते 2014 या पाच वर्षांत त्यांनी साधारण सहा वर्षांइतकी मजल मारली. केवळ टक्केवारीची यादी पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

चाचणी रद्द करा, असे मी म्हणत नाही. गरीब घरांतील, अपंग किंवा घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचे निकाल वेगळे जाहीर करण्याची सक्ती त्याच अमेरिकन कायद्याने केली, आणि तोवर चांगल्या सरासरीच्या आड दडलेली मुले प्रथमच दिसू लागली. ही जमेची बाजू मोठी आहे. तक्रार आहे ती हातात आलेली माहिती वाया घालवण्याविषयी.

एक साधी वजाबाकी घ्या: 402 मधून 178. उत्तर 224. अनेक मुले 376 लिहितात, कारण ती प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. हे उत्तर अंदाजाने आलेले नाही. मुलाने एक नियम पक्का धरला आहे आणि तो चुकीचा आहे. वर्गातील दहा मुलांनी 376 हाच पर्याय निवडला असेल, तर शून्यातून वजाबाकी करताना दशक कसे सुटे करायचे हे पुन्हा शिकवायला हवे, इतकी नेमकी सूचना त्या उत्तरपत्रिकेत असते. टक्केवारीत ती फक्त 'चूक' म्हणून जमा होते.

आता दुसरे उदाहरण. 'रीमाकडे 12 पेन्सिली आहेत. समीरपेक्षा तिच्याकडे 5 पेन्सिली जास्त आहेत. समीरकडे किती?' बेरीज-वजाबाकी उत्तम येणारे मूलही इथे 17 लिहून मोकळे होते. ही चूक वाचनाची, नोंद मात्र गणिताच्या खात्यावर. वाचनाच्या उताऱ्यांतही असेच घडते. 1988 साली झालेल्या एका प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या मुलांना त्या खेळावरचा उतारा, खेळ माहीत नसलेल्या हुशार वाचकांपेक्षा चांगला समजला होता. तेव्हा निकाल घसरला म्हणून विज्ञान आणि इतिहासाचे तास कापून वाचनाचा सराव वाढवणाऱ्या शाळा आपल्याच मुलांच्या आकलनाचा पाया काढून घेतात, असे मला वाटते.

म्हणून पालकसभेत टक्केवारी वाचून दाखवली जाईल तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी तिसरीत असलेली हीच मुले चौथीत किती पुढे गेली, आणि ज्या प्रश्नांत निम्मा वर्ग चुकला त्यांत मुलांनी नेमके कोणते चुकीचे उत्तर निवडले. पहिल्याचे उत्तर मुख्याध्यापकांकडे असायला हवे, दुसऱ्याचे वर्गशिक्षकांकडे. आणि उत्तरपत्रिकांचा असा तपशील शाळेपर्यंत पोहोचतच नसेल, तर तो मिळावा यासाठी शाळेच्या जोडीने पालकांनीही लेखी मागणी करावी.