वाटेतच तर आहे!

देवास इंदूरच्या ईशान्येला आहे आणि मांडू नैर्ऋत्येला. ही माझी तक्रार नव्हे, हा भूगोल आहे. इंदूरहून मांडूला निघालेल्या माणसाच्या वाटेत देवास लागायचे असेल, तर ते पृथ्वी गोल आहे एवढ्या एकाच आधारावर लागू शकते. तरीही श्रावणातल्या त्या शुक्रवारी, तंबू, स्टोव्ह, दोन मुले आणि एक दीर भरून निघालेली आमची गाडी सकाळी देवासच्या दिशेने वळली, कारण सासूबाईंनी आदल्या रात्री आपल्या धाकट्या बहिणीला परस्पर फोन करून सांगून टाकले होते, "मुले मांडूला चालली आहेत, तुझ्याकडे होऊनच जातील. वाटेतच तर आहे."

या वाक्याचा मला आता इतका संताप येतो की ते कोणी रेल्वेविषयी उच्चारले तरी माझ्या कपाळाची शीर उडते. त्यातला खरा दगा असा की ते आपल्याला विचारण्यासाठी बोलले जात नाही. आपल्या वतीने तिसऱ्याला दिलेले वचन म्हणून बोलले जाते, आणि आपल्या कानावर येईपर्यंत तिकडे चण्याची डाळ शिजून पुरण वाटलेलेही असते. मग नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? सासूबाई स्वतः घरीच होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीत फार वेळ बसवत नाही, पण फोनवरून त्या दिवसाला तीन जिल्हे सहज हिंडून येतात.

आमचा बेत साधा होता. तीन दिवस, दोन रात्री, दोन्ही तंबूत. मांडू इंदूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे; सकाळी सहाला निघावे, नऊच्या सुमारास पोहोचावे, उजेडात बरी जागा पाहून तंबू ठोकावा आणि मग दिवसभर पावसात भटकावे. मांडूला पावसाळ्यातच जायचे असते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. जहाज महालाच्या एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव आहे, आणि ते दोन्ही भरले की त्या लांबलचक इमारतीला जहाज का म्हणतात हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात तेच जहाज कोरड्या गोदीत उभे असल्यासारखे दिसते. एवढ्यासाठी मी दोन महिने आधी रजा टाकली होती.

मावससासूबाईंवर मला रागवता येत नाही आणि याचाच मला अधिक राग येतो. श्रावणातला शुक्रवार, जिवतीची पूजा, घरात सवाष्ण जेवायला हवी, आणि ती सवाष्ण मी. नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढायचे नाही, हेही योग्यच. नैवेद्याला साडेबारा वाजणार होते, तेव्हा मधल्या वेळात काय करायचे? "देवासला आलात आणि टेकडीवर जाणार नाही?" म्हणून आम्ही छत्र्या उघडून टेकडीवर गेलो, तुळजाभवानीचे आणि चामुंडेचे दर्शन घेतले, आणि ओल्या पायऱ्यांवरून धाकट्याला कडेवर घेऊन उतरलो. मी साडी नेसले होते, हे सांगायचे राहिले. तंबूच्या सहलीला मी साडी नेसून निघाले होते, कारण "पहिल्यांदा देवासला जायचे आहे ना."

जेवण उत्तम होते. ते खाऊन माणसाने आडवेच व्हावे अशी पुरणाची रचना असते, आणि माझा नवरा झालाही. पावणेदोनला माझी ओटी भरली: गहू, नारळ, खण. त्याशिवाय लोणच्याची बरणी, पापडांचा डबा आणि परसातल्या काकड्यांची पिशवी. हे सगळे डिकीत गेले. डिकीत सर्वांत खाली तंबू होता. या गोष्टीकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही, मीही नाही, आणि स्वतःला दोष देण्याचा या लेखातला हा एकमेव प्रसंग आहे.

देवासहून परत इंदूर. म्हणजे दुपारी तीनला, सकाळपासून ऐंशीच्या आसपास किलोमीटर कापून, आम्ही आमच्याच घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होतो. मुलीने विचारले, "आई, आपण घरी आलो का?" मी उत्तर दिले नाही.

पुढे धारपर्यंत मुसळधार पाऊस. खड्ड्यात पाणी भरले की खड्डा आणि डबके यांत फरक करता येत नाही, त्यामुळे नवरा प्रत्येक डबक्याला खड्डा समजून वाचवत होता आणि जे डबके नाही असे त्याला वाटले तेच नेमके खड्डे निघत होते. धारला त्याचा कॉलेजातला मित्र राहतो. धार मात्र वाटेत आहे, हे मान्य. पण "पाच मिनिटे फक्त दारातून" हे मान्य नाही, कारण दारात उभ्या माणसाला भुट्ट्याचा कीस वाढता येत नाही, आणि कीस ही दूध घालून मंद आचेवर ढवळत बसण्याची गोष्ट आहे. तो आधीच करून ठेवला तर मित्रपणा कसला? निघताना दोन किलो लसणाची शेव आणि आणखी एक नारळ. पुन्हा डिकीत.

मांडूला पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सूर्यास्तानंतर वास्तूंच्या आत सोडत नाहीत. जहाज महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर, सगळे बंद. गाडीच्या दिव्यांत तेवढी रस्त्याकडेची गोरखचिंचेची झाडे दिसत होती, ज्यांना तिकडे खुरासानी इमली म्हणतात आणि ज्यांची खोडे इतकी फुगलेली असतात की मला त्या क्षणी ती माझ्यासारखीच नको इतके जेवलेली वाटली. ज्या शेतमालकाने जागा देण्याचे कबूल केले होते तो दुपारी दोनपर्यंत वाट पाहून घरी गेला होता. त्याने फोनवर शांतपणे सांगितले की उंचावरची जागा दुसऱ्या मंडळींनी घेतली आहे, तुम्ही खालच्या बांधाजवळ लावा.

भर पावसात, अंधारात, डिकी उघडली. नारळ घरंगळत बाहेर आले. ओटीच्या गव्हाची पिशवी भिजून फाटली होती आणि गहू तंबूच्या घडीत शिरले होते. लोणच्याची बरणी, पापड, काकड्या, शेव, भेटीदाखल मिळालेली स्टीलची दोन पातेली (यांचे कारण मला अजूनही ठाऊक नाही), हे सारे एकेक करून मागच्या आसनावर झोपलेल्या मुलांच्या अंगावर रचल्यावर तळाशी तंबू सापडला.

आता तंबूविषयी. त्याच्या पिशवीवर १५०० मिलिमीटर असे छापलेले आहे. ते वाचून माझ्या दिराने दुकानातच निष्कर्ष काढला होता की इंदूरला वर्षभरात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हा तंबू दीड वर्षाचा पाऊस सोसेल. तो अभियंता आहे, हे मी मुद्दाम नमूद करते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच असतो की कापडावर दीड मीटर उंचीइतका पाण्याचा दाब आला तरी ते झिरपू लागत नाही. पावसाच्या वर्षभराच्या बेरजेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ओल्या जमिनीवर पसरलेल्या तळावर मोठा माणूस गुडघे टेकून बसला, तर त्या गुडघ्याखालचा दाबच याहून कितीतरी अधिक असतो, आणि त्या रात्री आम्ही तिघेही गुडघ्यांवरच होतो.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. त्या लोण्यात खुंटी बोटाने रोवता येते, आणि दोरी जरा ताणली की तितक्याच सहजपणे बाहेर येते. उजेड असता तर आम्ही दोऱ्या दगडांना बांधल्या असत्या, पाणी कोठून कोठे वाहते हे पाहून जागा निवडली असती, निदान एक चर खणला असता. अंधारात आम्ही खुंट्या रोवत होतो आणि त्या उपटत होत्या, आणि चपलांना लागलेला चिखल एवढा जड झाला होता की पाय उचलला की चपल तिथेच राहत होती. दिराने तळाखाली अंथरायला बरसाती आणली होती, तंबूपेक्षा चांगली दोन हात मोठी, कारण "मोठी असलेली बरी." ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान असावी लागते. बाहेर राहिलेली बरसाती वरून ओघळणारे सगळे पाणी झेलते आणि थेट अंथरुणाखाली आणून सोडते, आणि तिने हे काम पहाटेपर्यंत एकदाही न चुकता केले.

माळव्याचे कौतुक करताना "पग पग रोटी, डग डग नीर" असे म्हणतात. रोटी मी दिवसभर पावलोपावली खाल्ली होती आणि नीर माझ्या पाठीखाली होते. साडेनऊला सासूबाईंचा फोन आला. "पोहोचलात ना? किती वेळ लावलात! आणि हे बघ, उद्या सकाळी दहापर्यंत महेश्वरला पोहोचा, वन्सं फराळाचे करून ठेवणार आहेत."

दुसऱ्या दिवशी जहाज महाल आम्ही पाहिला, पंचवीस मिनिटे. दाट धुके होते, तलाव काठोकाठ भरले होते, ते जहाज खरोखर पाण्यावर उभे होते, आणि मी गच्चीच्या कठड्याला हात लावते न लावते तोच नवरा घड्याळ दाखवत खाली उभा होता. रूपमतीचा मंडप राहिला. काकडा खोहच्या दरीत कोसळणारे धबधबे गाडीच्या काचेतून, म्हणजे वायपरच्या दोन फेऱ्यांच्या मधून, पाहिले. महेश्वरला पोहोचल्यावर कळले की आत्येसासूबाई देवळात गेल्या आहेत आणि बारापर्यंत येतील.

तिथे नर्मदेच्या काठी तंबू लावायचा आमचा बेत त्यांनी मोडून काढला, आणि या एका बाबतीत त्या पूर्णपणे बरोबर होत्या. पावसाळ्यात वर ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर धरणांचे दरवाजे उघडले की महेश्वरच्या घाटांवर पाणी चढते. तिथे अंगावर थेंबही पडलेला नसला तरी चढते. काठावर झोपणे हा मूर्खपणाच ठरला असता. पण त्यांचा मुख्य आक्षेप पाण्याविषयी नव्हताच. "माझे घर असताना माझा भाचा तंबूत झोपणार? लोक काय म्हणतील, आत्याने घरात घेतले नाही?"

मुले तंबूसाठी रडू लागली तेव्हा तोडगा म्हणून तंबू गच्चीवर लावण्याची परवानगी मिळाली. गच्चीच्या लादीत खुंटी रोवता येत नाही. एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक कपडे वाळत घालायच्या तारेला, एक डिश अँटेनाला अशी बांधून तो उभा केला, त्यामुळे खालच्या मजल्यावर कोणाची तरी मालिका ऐन रंगात बंद पडली आणि पाहता पाहता अर्धी आळी गच्चीवर जमली. प्रत्येकाने तंबूत डोके घालून पाहिले. प्रत्येकाला आत्येसासूबाईंनी सांगितले की घरात जागा भरपूर आहे. रात्री दोनला गच्चीचे पाणी जाण्याचे भोक पाल्याने तुंबले आणि आम्ही पाचही जण अंथरुणे डोक्यावर घेऊन खाली उतरलो. खाली दिवाणखान्यात पाच गाद्या, चादरी, उशांसकट, रात्री नऊपासूनच घालून ठेवलेल्या होत्या. त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी "महेश्वरला आलात आणि मंडलेश्वरला नाही?" झाले, जाम दरवाजाजवळच्या धुक्यात चुलत नणंदेचा फोन झाला, आणि महूला माझी मैत्रीण झाली. महू त्या रस्त्याने येताना खरोखरच वाटेत लागते, हे मी कोणताही पक्षपात न करता सांगते. तिच्याकडे आम्ही चाळीस मिनिटे थांबलो. नवऱ्याने गाडीत बसल्यावर "हे चालते वाटते" असे म्हटले, त्यावर झालेले संभाषण येथे देण्यासारखे नाही.

आता आठवडा झाला. ओला तंबू एकदोन दिवसांत वाळवला नाही तर त्याला बुरशी लागते, पण इंदूरला पाऊस थांबलेलाच नाही, म्हणून तो दिवाणखान्यात पंख्याखाली दोन खुर्च्यांवर पसरलेला आहे आणि घरभर कुबट वास भरला आहे. खुंट्या बारा होत्या, सहा परत आल्या. नारळ सात आले. तळाच्या शिवणीत अडकलेल्या देवासच्या गव्हाला कोंब फुटले आहेत. काल सासूबाई त्या तंबूला वळसा घालून फोनपर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की उज्जैनचे काका फार नाराज आहेत. देवासपर्यंत जाऊन तुम्ही त्यांना न भेटता परतलात, आणि उज्जैन तर तिथून अगदी वाटेतच होते.