थर्मोस्टॅट काढल्याने मायलेज वाढत नाही : खुलासा

इंदूरमधील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला फिरत आहे : जुन्या मारुती ८०० चा थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाकावा आणि पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधावा, म्हणजे इंजिन थंड राहून मायलेज वाढते. चुंबकाने पेट्रोलच्या ज्वलनात काहीही फरक पडत नाही; त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

थर्मोस्टॅटची गोष्ट वेगळी, कारण हा सल्ला कित्येक जुने मिस्त्रीही देतात. त्यातील कुपीतले मेण साधारण ८० अंशांच्या पुढे वितळून फुगते व झडप उघडते. तोवर पाणी ते थंड करणाऱ्या रेडिएटरकडे जवळपास जातच नाही आणि इंजिन लवकर तापते. झडपच नसेल, तर जानेवारीच्या सकाळी इंदूरच्या रामबागेतून जवळच्या राजवाड्यापर्यंत जाणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापण्याआधीच प्रवास संपतो. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, कार्बुरेटरच्या (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीत चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खुंटी, जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, ऑइल घट्ट राहून घर्षण वाढते. म्हणजे पेट्रोल जास्तच जळते.

हा समज पसरला तो बहुधा अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे. झडप बंद अवस्थेत अडकली की इंजिन उकळते, ती काढली की तापमानाचा काटा खाली येतो आणि गाडी सुधारली असे वाटते. अशा वेळी सुटा थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टांगून तापवावा. पाण्याला उकळी फुटूनही झडप हलली नाही, तर नवा बसवावा.