अर्थिंगची तार कापू नका: ‘फुकट टीव्ही’वाल्या मेसेजला उत्तर

‘जुनी अँटेना छपरावर चढवा, शंभर चॅनल फुकट. नाहीतर दूरदर्शनची फ्री डिश घ्या, कौलांवर ठोका, आग्नेयेकडे वळवा. अर्थिंगची तार मात्र काढून टाका, ती आभाळातली वीज ओढून घेते.’ हा मेसेज फिरत फिरत रत्नागिरीला मावशीकडे पोचला आणि तिने वायरमनला तार कापायला सांगितली. आता गप्प बसणं शक्य नाही.

जुन्या अँटेनाचं आधी उरकू. तिला सिग्नल देणारे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर, मोक्याच्या जागांवरचे पन्नासेक सोडून, ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होणार, हे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. शंभर चॅनल येणार कुठून? माळ्यावरची अँटेना माळ्यावरच राहू द्या.

आग्नेयेचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. रत्नागिरीहून दिशा येते उत्तरेपासून साधारण १२८ अंश, म्हणजे आग्नेयेच्या थोडी पूर्वेला, आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. घरगुती डिश ऑफसेट असते, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग तिच्या मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती याहून बरीच उभट दिसते. तिचं तोंडच ५९ अंशांवर केलंत तर सिग्नल येणार नाही. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, चार पावलं लांब जाऊन बघा.

कौलांवर ठोकणं हा निव्वळ आडमुठेपणा. मंगलोरी कौलाला भोक पाडलं की ते तडकतं, पाणी कौलाखालच्या लाकडी रिपेवर उतरतं आणि रीप कुजते. मुळात डिशला उंची नको, समोर मोकळं आकाश हवं. माड आड येत नसेल तर अंगणात दोन फूट खड्डा घेऊन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काँक्रीटमध्ये उभा करा, ओळंबा लावून. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर बसवायची असेल तर प्लास्टिकचा प्लग टिकत नाही, चिरा भुगा होऊन सुटतो. बोल्ट आरपार घालून आतून लोखंडी पट्टी लावावी लागते.

आता अर्थिंग. याच मुद्द्याने एखाद्याचा जीव जाईल. वीज अर्थिंग शोधत येत नाही. उंच, उघड्यावर असलेल्या वस्तूवर ती पडते, तार असो वा नसो. तार कापली की तिची जमिनीकडची सरळ वाट तेवढी बंद होते. मग ती केबलमधून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि घराच्या वायरिंगमध्ये शिरते, नाहीतर ओल्या वाशांवर उडी मारते.

आयईसी ६०७२८-११ हे याच विषयाचं आंतरराष्ट्रीय मानक. छपरावरच्या अँटेनाचा खांब किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडा, असं ते सांगतं. स्विचबोर्डातली अडीच चौरस मिलिमीटरची तार इथे चालत नाही. सूट आहे ती अँटेना छपराच्या कडेपासून २ मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर. म्हणूनही डिश खाली बसवा म्हणतोय.

खांबासाठी जमिनीत वेगळी अर्थिंगची सळई ठोकलीत तरी ती घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलीच पाहिजे. नाहीतर जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक तुमचा बॉक्स जाळतो. केबलची बाहेरची जाळीही घरात शिरतानाच अर्थिंगला जोडा. नळाच्या पाइपाला तार गुंडाळू नका, जुनी लोखंडी लाइन मध्येच कुठेतरी पीव्हीसी झालेली असते. ही तार जोडायला वायरिंगमधल्या न्यूट्रलला तर हातही लावू नका. जुन्या घरात दोन पिनांचेच सॉकेट असतील तर आधी घराचं अर्थिंग करून घ्या, डिश नंतर. एवढं केल्याने घर विजेपासून पूर्ण सुरक्षित होत नाही, तडितरक्षक, म्हणजे पडणारी वीज थेट जमिनीत नेणारी यंत्रणा, हे वेगळं काम आहे.

‘गडगडाट झाला की प्लग काढा’ हेही मेसेजमध्ये आहे, आणि ते मान्य. पण ढग डोक्यावर यायच्या आधी काढा, आणि प्लगबरोबर डिशची केबलही बॉक्समधून सोडवा. नुसता प्लग काढून केबल तशीच ठेवली तर बॉक्स जाऊ शकतो.