एकदाच बसायचं, एकदाच उठायचं

कुडाळात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गेली चार वर्षं वर्षातून दोनदा शटर ओढून मी पणजीला पोकरची टूर्नामेंट खेळायला जातो. बांदा, पत्रादेवी करत मांडवीचा धक्का गाठायचा आणि छोट्या बोटीने जहाजावर. पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने ओसरीवरून विचारलं, "जुगार खेळाक जातंस?" मी तिला सांगितलं, किती जाणार ते घरातून निघतानाच ठरलेलं आहे. 12,000 रुपये. त्याच्यावर एक रुपया नाही.

हे मी मनापासून सांगितलं होतं. गणपतीत जागरणाला तीनपत्ती बसते तिथे हरणारा खिशात हात घालतच राहतो. पहाटे हातातलं घड्याळ काढून मांडणारा माणूस मी आमच्याच वाडीत पाहिलाय. टूर्नामेंटमध्ये फी एकदा भरायची, मग सगळ्यांना सारख्या चिप्स म्हणजे टोकन, समजा 30,000. त्या चिप्सचे पैसे होत नाहीत, ते नुसते गुण. ब्लाइंड्स, म्हणजे पानं बघण्याआधीच आळीपाळीने लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स, ठरावीक वेळाने वाढत जातात, त्यामुळे गप्प बसून राहता येत नाही. चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची. शंभरातले दहा-पंधरा जण बक्षिसापर्यंत पोचतात.

आम्ही चौघं मित्र दुकानाच्या मागच्या खोलीत काजूच्या बिया लावून सराव करतो. सगळ्यात उशिरा काय शिकलो, तर आवडलेली पानं टाकून देणं. हातातल्या दोन पानांत एक्का-गुलाम आला की छाती फुगते. पण माझ्या आधीच्या दोघांनी बोली वाढवलेली असेल तर तो एक्का-गुलाम मुकाट्याने डीलरकडे सरकवायचा. मला हे जमायला दोन वर्षं लागली.

आता मूळ मुद्दा, री-एंट्री. म्हणजे बाहेर गेलात की पुन्हा फी भरा, नव्या चिप्स घ्या, परत बसा. पहिले काही तास हे चालू असतं.

गेल्या खेपेला तिसऱ्या तासात माझ्या तीन नव्व्यांनी एका गृहस्थांना बाहेर काढलं. दहा मिनिटांत ते परत त्याच टेबलावर, समोर कोऱ्या 30,000. ती त्यांची तिसरी एंट्री होती. रात्री उशिरा 27 जण उरलो, बक्षीस 24 जणांना. माझ्याकडे किलवरचा आणि बदामचा असे दोन राजे आले, मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. त्याच गृहस्थांनी एक्का-सत्ता दाखवला. शंभरातून साधारण 70 वेळा हा डाव माझा. मग टेबलावर सगळ्यांची सामाईक पाच पानं उघडली: दहा, चौकी, दुरी. मग गुलाम. शेवटचं पान एक्का. त्यांची एक्क्यांची जोडी माझ्या राजांवर भारी.

त्या एक्क्याबद्दल माझी तक्रार नाही, पानं अशीच येतात. माणूसही चांगला, उठून हात मिळवला. तक्रार ही की तो डाव खेळायला ते तिथे असायलाच नको होते. खिशात आणखी एंट्र्या आहेत हे माहीत असलेला माणूस सुरुवातीला वाटेल त्या पानावर सगळं लावू शकतो. लागलं तर चिप्सचा डोंगर, नाही लागलं तर काउंटर आहेच. माझ्यासारख्याला तसं खेळता येत नाही. बक्षिसाची रक्कम त्यामुळे वाढते, हे खरं. पण प्रत्येक एंट्रीमागे आयोजकाचा हिस्साही निघतो.

आणि याहून वाईट मी स्वतः अनुभवलंय. दुसऱ्या वर्षी पहिल्याच तासात बाहेर पडलो. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे विचारलं, "सर, री-एंट्री?" खात्यात प्लायवूडवाल्याला द्यायचे पैसे होते. मी कार्ड पुढे केलं. तेही गेले. घरी येऊन आईला सांगितलं, 12,000च गेले. प्लायवूडवाल्याचा हिशेब चुकता करायला तीन महिने लागले. आईला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही, ही पोस्ट वाचूनच तिला कळेल.

लास वेगासला होणाऱ्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा घ्या. फी 10,000 डॉलर. 2023 मध्ये 10,043 लोक बसले होते. तिथे एकदा बाहेर गेलात की त्या वर्षापुरतं संपलं, मग तुम्ही कितीही श्रीमंत असा. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने तीच स्पर्धा जिंकून 25 लाख डॉलर नेले. ऑनलाइन 86 डॉलरची पात्रता स्पर्धा जिंकून तो तिथवर पोचला होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला जे परवडतं ते आपल्याकडे का परवडू नये? आपल्याकडच्या प्रत्येक सिरीजमध्ये, म्हणजे टूर्नामेंटच्या मालिकेत, परवडणाऱ्या फीची एक तरी टूर्नामेंट री-एंट्रीशिवाय ठेवा. आमच्यासारखे दुकानदार, शिक्षक, बागायतदार तिथे नक्की येतील.

शिमगा झाला की मी परत जाणार आहे. 12,000 रोख पाकिटात. कार्ड आईजवळ.