बारसं न झालेल्याची गोष्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

नववीच्या वर्गात मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही इंग्रजी कादंबरी शिकवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ३४ वर्षं शिकवलेल्या माणसाचा राग आहे तो, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना.

तुमचे आक्षेप असे : मराठी माध्यमाच्या मुलांना १८१८ सालचं इंग्रजी झेपत नाही, म्हणून मी गोष्ट मराठीत सांगते आणि वर त्याला इंग्रजी शिकवणं म्हणते. दहावी तोंडावर असताना हा वेळ वाया जातो. आपल्याकडे गोष्टींचा तुटवडा नाही. आणि सगळ्यात मोठा आक्षेप, की खून करणाऱ्या ‘मानेत खिळे ठोकलेल्या त्या हिरव्या भुता’बद्दल १४ वर्षांच्या मुलांना कणव वाटायला लावणं हे शिक्षकाचं काम नव्हे.

वेळेचं आधी सांगून टाकते. शनिवारची अर्धी शाळा, शेवटचे दोन तास, ११ शनिवार. फक्त नववी. दहावीच्या एका मिनिटालाही मी हात लावलेला नाही.

भाषेबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. पूर्ण कादंबरी मी इंग्रजीतून वाचून घेतली नाही. इंग्रजी ही आमच्या मुलांची तृतीय भाषा, आणि मेरी शेलीचं एकेक वाक्य परळहून दादरपर्यंत पोचेल एवढं लांब. बाकीची गोष्ट मी मराठीतच सांगितली. पण तीन उतारे मुळातून घेतले, एकही शब्द न बदलता. पुस्तकावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे बिनधास्त झेरॉक्स काढल्या. पहिल्या उताऱ्याच्या बारा ओळींना आम्हाला दोन तास लागले. त्या दोन तासांत मुलांनी डिक्शनरी जितकी उघडली तितकी वर्षभरात उघडली नव्हती. याला इंग्रजी शिकवणं म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं, ते मला खरंच कळत नाही.

सुरुवात पावसानं करून दिली. जुलैतला तो शनिवार, मुंबईत हिंदमाता चौकात पाणी तुंबलेलं, गाड्या रखडलेल्या, वर्गात १९ मुलं आणि सगळ्यांचे बूट खिडकीखाली उपडे घातलेले. म्हटलं, हे पुस्तक अशाच पावसामुळे लिहिलं गेलं. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू वर वातावरणात इतके पसरले, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. १८१६च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही तरुण मंडळी पावसानं घरात अडकून पडली होती. त्यांच्यातल्या कवी बायरननं टूम काढली, की प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. तिथे मेरी होती, वय वर्षं १८. अठरा म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरची मुलंही सरळ बसली. त्यांच्या ताया अठराच्या आहेत, सर.

आता त्या हिरव्या भुताबद्दल. खिळे १९३१च्या सिनेमातले. पुस्तकात ते नाहीत, आणि भूतही नाही. आहे तो व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन नावाचा विज्ञानाचा विद्यार्थी. तो मृतांचे अवयव जोडून एक देह घडवतो आणि त्यात जीव आणतो. फ्रँकेनस्टाइन हे नाव घडवणाऱ्याचं. घडवलेल्याला नावच नाही. मुलांना हे कळलं तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, ‘‘बाई, म्हणजे त्याचं बारसंच नाही केलं.’’ हे शब्द मला सुचले नसते. मग मी त्यांना सांगितलं, की मेरीची पहिली मुलगी १८१५ साली दिवस पुरे व्हायच्या आधीच जन्मली आणि दोन आठवडेही जगली नाही. तिला नाव ठेवल्याची कुठे नोंद नाही. नंतर मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय : बाळ गेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी नेऊन चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं. पुढच्याच वर्षी ही बाई मेलेल्या देहात जीव आणण्याची गोष्ट लिहायला बसली. यात भुताटकी कुठे आहे, सर?

पहिला उतारा देहात जीव येतो तिथला. नोव्हेंबरची रात्र, मेणबत्ती विझत आलेली, आणि त्याचा निस्तेज पिवळा डोळा उघडतो. मी विचारलं, हात नाही, पाय नाही, लेखिकेनं आधी डोळाच का उघडला असेल? लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात ज्याचे वडील सीझनला काम करतात, तो मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो उभा राहिला. ‘‘आमच्याकडे पण डोळे शेवटीच काढतात. आखणी झाली की मूर्ती बघायला लागते. मग कारखान्यात तिच्याकडे पाय करून कोणी झोपत नाही.’’ त्याच्या शेजारच्यानं विचारलं, ‘‘आणि ह्याच्याकडे डोळे उघडल्यावर तो काय करतो?’’ मी पुढचं वाचलं. व्हिक्टर पळतो. दोन वर्षं राबून ज्याला घडवलं त्याच्यापासून पळून बेडरूममध्ये जातो. मागोमाग तो जीव पलंगापाशी येतो, पडदा वर धरतो, तोंडानं काहीतरी अस्फुट आवाज काढतो, हसल्यासारख्या सुरकुत्या गालावर पडतात, एक हात पुढे होतो. व्हिक्टर पुन्हा पळतो.

वर्गात चिडीचूप. मग ज्याचे वडील कारखान्यात काम करतात तोच मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, ‘‘आपण मातीच्या मूर्तीलाही दीड दिवस तरी घरात ठेवतो.’’

आपल्या गोष्टी का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. त्या मला आणाव्या लागल्याच नाहीत, मुलंच घेऊन आली. गोष्टीत गोष्ट आल्यावर वेताळ आला. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्यात व्हिक्टरची कहाणी, तिच्या पोटात त्या जिवाची कहाणी. भस्मासुरही आला. त्यावर आम्ही बराच वेळ भांडलो, कारण मला ती तुलना पटत नाही. भस्मासुराला वर मिळाला होता आणि तो उलटला. ह्याला काहीच मिळालं नव्हतं. अखेर कर्णापाशी वर्ग थांबला, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. आधी कर्ण शिकवून मग हे पुस्तक घेतलं असतं तर कर्ण परीक्षेपुरता राहिला असता. जिनिव्हाच्या वाटेनं आला म्हणून तो मुलांना नव्यानं दिसला.

आणखी एक गोष्ट याच पुस्तकात मिळाली. तो जीव एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून ऐकून ऐकून भाषा शिकतो. त्याचे पहिले शब्द विस्तव, दूध, भाकरी, लाकूड या अर्थाचे. टॉवरच्या लिफ्टमध्ये आणि फर्स्ट क्लासच्या दाराशी इंग्रजी कानावर पडून शिकणाऱ्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. घरातला आंधळा म्हातारा तेवढा त्याच्याशी नीट बोलतो. मुलगा येतो आणि काठीनं झोडपतो.

आता तुमचा मुख्य आक्षेप. तो जीव खून करतो, हे खरं. व्हिक्टरच्या लहानग्या भावाला मारतो, आणि त्या मुलाच्या गळ्यातलं आईचं छोटं चित्र जस्टिन नावाच्या आश्रित मुलीच्या खिशात ठेवतो. ती पकडली जाते. पाद्र्याच्या धाकानं खोटा कबुलीजबाब देते आणि फासावर जाते. व्हिक्टरला खरं ठाऊक असतं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प राहतो. पुढे हिमनदीवर दोघांची गाठ पडते, तेव्हा तो जीव म्हणतो, ‘‘मी भला होतो, दयाळू होतो, दुःखानं मला सैतान केलं.’’ हा आमचा तिसरा उतारा.

यावर आम्ही दोन शनिवार खटला चालवला. मुलं गहिवरून त्याला सोडून देतील अशी भीती मलाही होती. तसं झालं नाही. त्याच्या वकिलानं हे वाक्य फळ्यावर लिहून भाषण ठोकलं. दुसऱ्या बाजूची मुलगी उठली आणि एवढंच म्हणाली, ‘‘दुःख जस्टिनलाही होतं. तिनं कोणाला मारलं?’’ वकिलाला उत्तर सापडेना. वर्गानं त्या जिवाला दोषी ठरवलं. मग त्याच मुलीनं मागितलं, की व्हिक्टरलाही पिंजऱ्यात उभं करा, गप्प बसल्याबद्दल. त्याच्यावर वर्ग जास्त चिडला होता.

सर, कणव वाटणं आणि गुन्हा माफ करणं या दोन गोष्टी मुलांनी माझ्या मदतीशिवाय वेगळ्या केल्या. हे त्यांना सुविचार लिहून शिकवता आलं असतं असं मला वाटत नाही. चौदाव्या वर्षी स्वतःचा चेहरा, आवाज, उंची सगळंच परकं व्हायला लागतं, वर्गात कोणाच्या तरी दिसण्यावरून रोज टोपणनावं पडतात. ‘तो कसा दिसतो’ आणि ‘त्यानं काय केलं’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ज्या पुस्तकात इतकं लख्ख कळतं ते मी या वयात नाही द्यायचं तर कधी?

एका ठिकाणी मात्र माझं चुकलं, आणि तुमच्या प्रतिक्रियेतल्या काळजीत ते बरोबर पकडलंय. शेवटी तो जीव स्वतःला जाळून घेईन असं सांगून बर्फातून अंधारात निघून जातो. ते पान मी तासाच्या अखेरीस वाचलं आणि घंटा झाली. मुलं ते तसंच घेऊन घरी गेली. रविवारी एका आईचा फोन आला, की मुलगा जेवला नाही, गप्प गप्प आहे. सोमवारी मी त्याच्याशी बराच वेळ बोलले. तो ठीक आहे, पण तो रविवार त्याला एकट्याला काढावा लागला, आणि तो माझ्यामुळे. पुढच्या वर्षी ते पान शनिवारी शेवटच्या तासाला वाचणार नाही. त्यानंतर निदान एक पूर्ण तास नुसता बोलण्यासाठी ठेवणार आहे, आणि पालकांना आधी चिठ्ठी जाईल.

ते पान गाळावं असं तुम्ही सुचवलंत. माझं मन अजून होत नाही, कारण गाळलं तर त्याचं काय झालं हे मुलं मोबाइलवर शोधणारच, आणि तेव्हा शेजारी कोणी नसेल. पण इतक्या वर्षांत तुमच्यावरही असा धडा शिकवायची वेळ आली असेल. तुम्ही तो तास कसा घेतलात, आधी काय बोललात, नंतर मुलांना कसं घरी पाठवलंत, हे सवडीनं लिहाल का? जूनच्या आत मिळालं तर मला फार उपयोग होईल.