256 म्हणजे टाकी रिकामी नव्हे

गेला आठवडाभर आमच्या सांगलीतल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लिनक्स सर्व्हरची एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न बांधता येणाऱ्या रँडम मालाचा साठा, पूर्वी दोन-तीन हजार दिसायची, आता 256 दिसते, म्हणजे सर्व्हर धोक्यात. माहिती कुलूपबंद करणारी प्रत्येक गुप्त किल्ली बनवताना ती खर्च होते. हार्डवेअरचे रँडम आकडे शुद्ध असतात, तेव्हा ते देणारी यूएसबीची कांडी घ्या. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याने तो मला पाठवून विचारलं, "सर, आपल्याला लागंल का ही?"

आधी त्या 256 चं बघू. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाजवळची पातळी बघतो, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, तसा हा आकडा लोक बघतात. पण इथे मोजपट्टीच बदललीय. जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हा साठा 4096 बिटांचा होता आणि आकडा वरखाली व्हायचा. 2022 मधल्या बदलांनंतर साठाच 256 बिटांचा आहे. 256 दिसतंय म्हणजे काठोकाठ भरलंय. आणि तेवढं पुरतं का? दोनाचा 256 वा घात 78 अंकी आहे. बसा अंदाज बांधत.

दुसरं, खर्च होण्याचं. हा गैरसमज जुना आहे, आणि एकेकाळी कर्नलही तसाच हिशेब ठेवायचा, म्हणून मेसेज लिहिणाऱ्याला फार बोल लावत नाही. पण प्रकार विरजणासारखा आहे. चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागतं, त्यातलंच थोडं उद्यासाठी ठेवतो. कर्नलमधलं चाचा20 हे सूत्र बीजावरून, म्हणजे साठ्यातून घेतलेल्या सुरुवातीच्या गुप्त आकड्यावरून, पुढचे आकडे काढतं आणि त्यातलाच एक तुकडा पुढची किल्ली म्हणून मागे ठेवतं. हजार किल्ल्या बनवा, काही आटत नाही. 2020 च्या 5.6 कर्नलपासून डेव्ह-रँडम, म्हणजे प्रोग्रॅम जिथून रँडम आकडे मागतात ती फाइल, हीही एकदा बीज पडल्यावर अडून बसत नाही.

'शुद्ध' या शब्दावर तर माझा खास राग आहे. 2019 मध्ये एएमडीच्या काही प्रोसेसरांतली रँडम आकडे देणारी आज्ञा प्रत्येक वेळी सगळे बिट 1 असलेला तोच आकडा देत होती, आणि वर 'काम झालं' असंही सांगत होती. अशा धोक्यामुळेच कर्नल डेव्ह-रँडममधून कुठल्याच यंत्राचा माल थेट पुढे देत नाही. डिस्क, नेटवर्क यांच्या वेळांतले बारीक फरक आणि यंत्राचे आकडे एकत्र घुसळून हॅश करतो, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या गणिताने त्यांचा एकच ठसा काढतो. एक घटक फुसका निघाला तरी बाकीचे वाया जात नाहीत. धोका आहे तो श्रेय देण्यात, म्हणजे आलेला माल साठ्याच्या मोजणीत धरण्यात: डेव्ह-रँडममध्ये कुणीही काहीही लिहिलं तरी ते मिसळतं, पण मोजणी वाढत नाही. ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, हक्काने वाढवावी लागते, कांडीचे आकडे कर्नलला पुरवणारा आरएनजीडी हा प्रोग्रॅम तेच करतो. फुसक्या कांडीला असं पूर्ण श्रेय दिलंत तर भांडं रिकामं असताना भरलेलं दिसेल.

मग हार्डवेअर कुठेच लागत नाही? लागतं, पहिल्या बूटला. डिस्क नाही, कीबोर्ड नाही, अशा डब्याने वीज येताच किल्ली बनवली तर विरजणच लागलेलं नसतं. 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या तेव्हा राउटरसारख्या कित्येक उपकरणांच्या आरएसए किल्ल्यांत (दोन गुप्त मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनणाऱ्या) जोडीजोडीने एक मूळ संख्या सामाईक सापडली, म्हणजे साध्या मसावीने जोडीतल्या दोन्ही फुटल्या.

माझी स्वतःची चूक मात्र वेगळी होती. वजनकाट्यांसाठी पाच रास्पबेरी पाय (तळहाताएवढे कॉम्प्युटर) तयार करताना एकच मेमरी कार्ड पाचदा उतरवलं. महिन्याभराने एसएसएचचे, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या किल्ल्यांचे, ठसे बघतो तर पाचही सारखे. किल्ल्या कार्डाबरोबरच नकलल्या गेल्या होत्या. कसलीही कांडी तिथे काही करू शकली नसती. जुन्या किल्ल्या पुसून प्रत्येकावर नव्याने बनवायला अर्धा दिवस गेला, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली ती वेगळीच.

व्यापाऱ्याच्या मशीनवर कर्नलला विचारलं, हार्डवेअर रँडमचा सध्याचा स्रोत कोणता? उत्तर आलं, टीपीएम-आरएनजी-0. म्हणजे मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपमधूनच आकडे येत होते, आणि कर्नल ते स्वतःहून घेत होता. त्यांना फोन करून सांगितलं, "काही मागवू नका, आत आहे."